पाखरांचे नाक कुठे असते?

नाकाची तारीफ करायची झाली म्हणजे आपल्याकडे दोन उपमा अगदी हाताशी असतात. नाक सरळ असले तर चाफेकळी, आणि किंचित बाकदार असले तर पोपटाची चोच. ही दुसरी उपमा काही आजची नव्हे. संस्कृत कवींनी ती वापरून वापरून गुळगुळीत केली. देवळे बांधणाऱ्या स्थपतींनी शिखराच्या दर्शनी बाजूला पुढे आलेल्या भागाला 'शुकनास' असे नावच देऊन टाकले. बाणभट्टाच्या 'कादंबरी'तल्या शहाण्या मंत्र्याचे नावही शुकनासच. हे सगळे ठीक आहे, पण राघूला बोलता येते तसे समजूनउमजून बोलता आले असते, तर तो म्हणाला असता, "अहो, ज्याला तुम्ही नाक म्हणता ते माझे तोंड आहे. नाक निराळे आहे, आणि ते तुम्ही आजवर पाहिलेलेच नाही!"

आणि ते खरेच आहे. चोच म्हणजे पाखराचे दोन जबडे. त्यांच्यावर दात आणि ओठ यांच्याऐवजी, आपली नखे ज्या जातीच्या द्रव्याची असतात तशा कठीण द्रव्याचे आवरण असते. नाक म्हणून जे काही आहे ते या वरच्या जबड्यावर, बहुधा कपाळाशी जिथे चोच सुरू होते तिथे, दोन बाजूंना दोन बारीक भोकांच्या रूपाने असते. ना उंचवटा, ना शेंडा. मुरडावे म्हटले तरी मुरडता येणार नाही असे हे नाक! पण त्याच्यात कारागिरी इतकी भरलेली आहे की या अंकातली आपली पाने आम्ही त्यालाच द्यायचे ठरवले.

ही कारागिरी पाहायला अभयारण्यात जायला नको. धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याचे एखादे साधेसुधे अंगण पुरे. बुराई नदीच्या काठचे हे तालुक्याचे गाव. भोवती कपाशी, ज्वारी-बाजरीची शेते, बांधावर बाभळी आणि निंब. अंगणात कोंबडी दाणे टिपत असेल. तिच्या चोचीच्या मुळाशी नीट पाहा. दोन्ही बाजूंना एक एक चीर दिसेल आणि त्या चिरेवर छपरासारखी आलेली एक लहानशी कडक झडप. दिवसभर माती उकरणाऱ्या पाखराच्या नाकात माती जाऊ नये म्हणून ही पागोळीची सोय. वळचणीला घुमणाऱ्या पारव्याकडे पाहा. त्याच्या चोचीवर पांढरट, फुगीर, चुना लावल्यासारखी दोन बोंडे दिसतात. पुष्कळांना तो काही रोग वाटतो. रोग नव्हे, ती त्याच्या नाकपुड्यांवरची मऊ झाकणे.

आता कावळा. अहिराणीत ज्याला 'कावया' म्हणतात तो हा शहाणा पक्षी सगळे काही उघड्यावर करतो, पण नाक मात्र झाकून ठेवतो. त्याच्या कपाळाकडून चोचीवर पुढे आलेले राठ केसांसारखे पिसांचे झुबके असतात. नाकपुड्या त्यांच्याखाली दडलेल्या. उकिरड्यात चोच खुपसणाऱ्याला अशी गाळणी हवीच. सुतारपक्ष्याचीही तीच तऱ्हा. तो लाकूड टोचू लागला म्हणजे भुसा उडतो. करवतीवर काम करणारा शहाणा मनुष्य तोंडाला फडके बांधतो. सुतारपक्ष्याला ते फडके जन्मतःच मिळालेले असते, नाकपुड्यांवर आलेल्या बारीक पिसांचे.

राघूची लाल चोच जिथे सुरू होते तिथे कातडीची एक अरुंद पट्टी असते आणि तिच्यात दोन गोल भोके. घार, शिक्रा, घुबड यांच्याही चोचीच्या मुळाशी अशी मेणचट कातडी असते व नाकपुड्या तिच्यात किंवा तिच्या कडेला उघडतात. शहरातल्या घरांतून पिंजऱ्यात जे रंगीत बजरीगर पाळतात, ज्यांना आपल्याकडे सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात, त्यांच्यात तर नर-मादी ओळखायची ती या पट्टीवरूनच. वयात आलेल्या नराची पट्टी बहुधा निळी, मादीची तपकिरी. कुंडली नाकावरच लिहिलेली!

घुबडांचा विषय निघाला म्हणून खानदेशाच्या एका खास नागरिकाचा उल्लेख करायला हवा. रानपिंगळा हे लहानसे घुबड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम खानदेशच्या जंगलात सापडले होते. जेम्स डेव्हिडसन या तेव्हाच्या मुलकी अधिकाऱ्याने शहादे-तळोदे भागातून त्याचे नमुने गोळा केले होते. पुढे शंभरावर वर्षे तो कुणालाच खात्रीलायक दिसला नाही, आणि तो नामशेष झाला असेच धरून चालले होते. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ जिवंत दिसला. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १९९८ साली. या रानपिंगळ्याचे नाकही इतर घुबडांसारखे चोचीच्या दोन्ही अंगांच्या राठ पिसांआड लपलेले असते.

ससाण्याच्या नाकपुडीत आणखी एक मौज आहे. गोल भोकाच्या मधोमध हाडाचा एक छोटा खुंट उभा असतो. ससाणा आकाशातून सूर मारतो तेव्हा वारा नाकात शिरून त्याचा दम कोंडू नये म्हणून हा खुंट वाऱ्याचा जोर मोडतो, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. ऐकायला छान वाटते. पण हवेत एका जागी पंख फडफडवत उंदीर हेरणारा जो लहान ससाणा आपल्या माळावर हिवाळ्यात दिसतो, तो काही असले सूर मारत नाही, तरी खुंट त्याच्याही नाकात असतोच. तेव्हा हे स्पष्टीकरण ऐकताना थोडे मीठ हाताशी ठेवावे.

आता अंगण सोडून तापीच्या काठी चला. शिंदखेडे तालुक्याच्या उत्तरेने तापी वाहते. मुडावदला पांझरा तिला मिळते, आणि सुलवाड्याच्या बंधाऱ्यामुळे पाण्याचा फुगवटाही चांगला असतो. अशा पाण्यात उभ्या वाळक्या खोडावर पंख पसरून, धोतर वाळत घालावे तसा बसलेला पाणकावळा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याची चोच दुर्बिणीतून पाहा. नाकपुडी शोधा. सापडणार नाही! कारण ती नाहीच. पाणकावळ्याच्या पिल्लाला नाकपुड्या असतात. पण पिल्लू मोठे होता होता त्या बुजून जातात. माशाच्या पाठीमागे पाण्याखाली धावायचे, तर नाकात पाणी जाण्याची कटकटच नको, म्हणून दारच लिंपून टाकलेले. मग श्वास? तो तोंडाने. 'नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही' ही म्हण ज्याने रचली त्याने पाणकावळा पाहिला नसेल. परंतु या पाखराच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. उंचावरून समुद्रात बाणासारखे पडणारे गॅनेट नावाचे समुद्रपक्षी आहेत, त्यांचीही बाहेरची नाकपुडी अशीच बंद असते.

याच्या उलट टोक पाहायचे तर न्यूझीलंडला जावे लागेल. किवी हे तिथले बिनउडते, रात्री हिंडणारे पाखरू. जगातल्या सगळ्या पाखरांत हे एकटेच असे आहे की ज्याच्या नाकपुड्या लांब चोचीच्या मुळाशी नसून अगदी टोकाला आहेत. अंधारात ते ही चोच जमिनीत खुपसते आणि गांडुळांचा माग काढते. आंधळ्या माणसाच्या काठीच्या टोकाला नाक बसवले तर कसे होईल, तसा हा प्रकार.

हे झाले बाहेरचे दार. आता आत शिरू. नाकपुडीतून हवा आत गेली की तिला सरळ रस्ता मिळत नाही. आत पातळ कूर्चेच्या, सुरळी केलेल्या पानासारख्या गुंडाळ्या असतात, बहुतेक पाखरांत एकामागे एक तीन. त्यांच्यावर ओलसर, रक्ताने भरलेले अस्तर. पहिल्या दोन गुंडाळ्यांचे मुख्य काम हवा गाळणे, ओली करणे, तापवणे किंवा निववणे. शेवटच्या गुंडाळीत वास घेणारे ज्ञानतंतू.

या गुंडाळ्यांचे मोल खानदेशच्या वैशाखात कळते. पारा ४४ अंशांच्या घरात गेलेला, विहिरी आटलेल्या; अशा वेळी पाण्याचा थेंब न् थेंब मोलाचा. आत जाणारी कोरडी हवा गुंडाळ्यांवरून जाताना ओलावा घेते आणि त्यामुळे गुंडाळ्या थंड पडतात. मग फुप्फुसातून परत येणारी ऊन दमट हवा याच थंड गुंडाळ्यांवरून बाहेर पडते, निवते, आणि तिच्यातले थोडे पाणी तिथेच दवासारखे टिपले जाते. आपल्या पितळी तांब्याच्या बाहेरून पाणी जमते ना, त्याच नियमाने. क्नुत श्मिट-निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली ही देवाणघेवाण मोजून दाखवली. वाळवंटातल्या लहान लहान पाखरांना तग धरायला ही काटकसर उपयोगी पडते.

उन्हाळा फारच कडक झाला की मात्र हिशेब उलटा होतो. पाखरांना घाम येत नाही, घर्मग्रंथीच नाहीत. मग पाणी वाचवण्यापेक्षा अंग निववणे निकडीचे होते आणि कावळा, साळुंकी भर दुपारी चोच वासून धापा टाकताना दिसतात. त्या वेळी त्यांनी नाकाची काटकसर बाजूला ठेवून साठवणीतले पाणी खर्चायला काढलेले असते. गच्चीवर पाण्याची उथळ पाळ ठेवण्याचे पुण्य ते हेच.

त्याच श्मिट-निल्सन यांनी १९५०च्या दशकात नाकाचे आणखी एक काम उजेडात आणले होते. समुद्रपक्षी खारे पाणी पितात आणि मरत नाहीत, हे कसे? त्यांच्या डोळ्यांच्या वरच्या बाजूला मीठ गाळणाऱ्या ग्रंथी असतात. रक्तातले जादा मीठ त्या तीव्र खारट पाण्याच्या रूपाने काढून नाकात सोडतात. मुंबईच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात येणाऱ्या कुरवांच्या चोचीच्या टोकाशी थेंब लोंबताना दिसला, तर त्यांना सर्दी झाली असे समजू नये. त्यांचे मीठ गळत असते.

आता घरात कोंबड्या पाळणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे असा भाग. आपले नाक घशात उघडते. पाखराचे नाक टाळूला असलेल्या एका लांबट चिरेतून तोंडात उघडते. कोंबडीची चोच उघडून वर पाहिले तर ती चीर स्पष्ट दिसते. आणि जिभेच्या मागे, खालच्या बाजूला, श्वासनलिकेचे तोंड असते. चोच मिटली की वरची चीर नेमकी खालच्या भोकावर येते आणि नाकातून थेट श्वासनलिकेपर्यंत वाट तयार होते. आपल्या श्वासनलिकेवर गिळताना जे झाकण पडते, ते पाखरांना नसते.

याचा अर्थ ध्यानात घ्या. कोंबडीला सर्दी झाली, नाक वाहू लागले, तोंड सुजले, की आपल्या घरांतून आजीबाईचा बटवा उघडतो. कोणी नाकात तेलाचे थेंब सोडतो, कोणी चोच उघडून चमचाभर काढा ओततो. हेतू चांगला, पण ओतलेले औषध जिभेच्या मागच्या त्या उघड्या भोकातून फुप्फुसात जाण्याचा धोका फार मोठा असतो, आणि सर्दीने न मेलेली कोंबडी औषधाने मरते. शिवाय ही सर्दी पुष्कळदा जंतूंची, झपाट्याने पसरणारी असते. तेव्हा आजारी कोंबडी आधी वेगळी ठेवावी, सगळ्यांचे पाण्याचे भांडे बदलावे आणि पशुवैद्याला दाखवावे. घायाळ होऊन गॅलरीत पडलेल्या पाखरालाही तोंडात पाणी कधी ओतू नये. भोके पाडलेल्या खोक्यात, अंधाऱ्या उबदार जागी स्वस्थ ठेवावे आणि जाणत्या माणसाकडे पोचवावे.

पाणी ते आपले आपण पिते, आणि कसे पिते तेही पाहण्यासारखे असते. कोंबडी आणि चिमणी घोट घेऊन मान वर करतात. पाणी उतारावरून घशात जाऊ देतात. पारवा आणि होला मात्र चोच पाण्यात बुडवून, मान न उचलता, गुरांसारखे ओढून पितात. दिवाळीच्या सुटीत मुलांना एवढे निरीक्षण दिले तरी एक दुपार सत्कारणी लागेल.

आणखी एक सावधगिरी. पाखराचे फुप्फुस आपल्यासारखे फुगत-आकसत नाही. त्याच्या मागेपुढे हवेच्या पिशव्या असतात, बहुधा नऊ; त्या भात्यासारखे काम करतात आणि ताजी हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहती ठेवतात. त्यामुळे श्वास घेताना आणि सोडतानाही त्याच्या रक्ताला प्राणवायू मिळतो. उडण्याच्या कष्टांना ही व्यवस्था उत्तम. पण हवेत विष असेल तर तेही तितक्याच तत्परतेने रक्तात जाते. म्हणून तर ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी नेत असत. विषारी वायू आला की माणसाच्या आधी पक्षी कोसळे आणि खाणकामगार पळ काढत. ही प्रथा तिथे १९८६ पर्यंत चालू होती. आपल्या स्वयंपाकघरात खाण नाही, पण न चिकटणारे तवे आहेत. असा तवा रिकामाच जास्त तापला तर त्याच्या लेपातून निघणाऱ्या वाफेने शेजारच्या पिंजऱ्यातले बजरीगर मिनिटांत मरतात. आणि फटाक्यांचा धूर? ज्या झाडावर साळुंक्या, बगळे रात्रीच्या मुक्कामाला येतात त्याच्या बुंध्याशी माळ लावणाऱ्याने एवढे मनात आणावे की वर बसलेल्यांचे नाक आपल्यापेक्षा लहान असले तरी फुप्फुस आपल्यापेक्षा चोख आहे.

धुराचे झाले, आता ठसक्याचे. शिंदखेडे तालुक्यातले दोंडाईचे आणि पलीकडचे नंदुरबार हा मिरचीचा मुलूख. लाल मिरच्यांचे ढीग पसरले की नवखा माणूस शिंकून शिंकून बेजार होतो. पण राघूला हिरवी मिरची द्या; तो ती वाटाण्याच्या शेंगेसारखी खातो. बुलबुलही पिकलेली मिरची सुखाने गिळतो. त्यांचे धैर्य मोठे म्हणून नव्हे. त्यांना ती झोंबतच नाही. आपल्या नाकात, जिभेवर, डोळ्यांत आग ओळखणारा जो संवेदक असतो त्याला मिरचीतले तिखट द्रव्य फसवते आणि भाजल्याचा भास करून देते. पाखरांतही तो संवेदक असतो, परंतु त्याची घडण किंचित निराळी असल्याने या द्रव्याला तो दाद देत नाही. २००२ साली डेव्हिड ज्युलियस आणि त्यांचे सहकारी यांनी कोंबडीच्या संवेदकावर प्रयोग करून हे दाखवले. या संवेदकाच्या शोधासाठी ज्युलियस यांना २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

मिरचीला यात काय लाभ? उंदीर मिरची खाऊ लागला तर दातांनी बी चिरडून टाकील. बुलबुलासारखे पाखरू फळ सबंध गिळते आणि बी दूर कुठे तरी अखंड टाकते. तेव्हा तिखटपणा म्हणजे मिरचीने दारावर लावलेली पाटी: उंदरांनी येऊ नये, पाखरांचे स्वागत आहे. राघू मात्र पाहुणा म्हणून येतो आणि बीही फोडून खातो, ही गोष्ट निराळी. जाता जाता हेही सांगून ठेवू की आपल्या देशी पोपटांना पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मिरची द्यायचीच असेल तर गच्चीच्या कठड्यावर ठेवा. तो आपल्या पायांनी येऊन नेईल.

आता मुख्य प्रश्न. या नाकांना वास येतो का? पिढ्यान् पिढ्या विद्वान सांगत आले, येत नाही. या समजुतीला बळकटी दिली ती अमेरिकेतल्या जॉन जेम्स ऑड्युबन या थोर पक्षिचित्रकाराने. त्याने हरणाच्या कातड्यात गवत भरून ते माळावर ठेवले. गिधाडे त्यावर उतरली. मग सडलेले डुक्कर झुडपाखाली झाकून ठेवले. एकही गिधाड फिरकले नाही. गिधाडांना नाक नाही, फक्त डोळे आहेत, असा निकाल त्याने १८२६ साली एडिंबरा येथे विद्वानांपुढे मांडला, आणि तो सव्वाशेहून अधिक वर्षे टिकला.

तो निकाल मोडण्यास मदत केली ती गॅसच्या नळांनी. कॅलिफोर्नियात गॅसचा नळ कुठे फुटला हे शोधणाऱ्या लोकांच्या ध्यानात आले होते की गळती असेल तिथे टर्की गिधाडे आकाशात घिरट्या घालतात. गॅसला वास यावा म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे एक उग्र द्रव्य मिसळतात. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसलाही येतो तो वास त्याच द्रव्याचा. सडत्या मांसातूनही तशाच जातीचे वायू निघतात. केनेथ स्टेजर यांनी १९६४ साली प्रयोगांनिशी सिद्ध केले की टर्की गिधाड वासावरच भक्ष्य शोधते. पुढे १९८६ साली डेव्हिड ह्यूस्टन यांनी पनामाच्या जंगलात पालापाचोळ्याखाली मेलेल्या कोंबड्या लपवल्या. गिधाडांनी त्या हुडकून काढल्याच, शिवाय अति कुजलेल्यापेक्षा एक दिवसाची शिळी त्यांना अधिक पसंत पडली. ऑड्युबनचे डुक्कर कोणी का खाल्ले नाही, याचा उलगडा यातून थोडाफार होतो. या टर्की गिधाडाच्या दोन नाकपुड्यांत पडदाच नसतो. एका बाजूने पाहिले तर आरपार पलीकडचे आभाळ दिसते.

या शोधकथेत एका गृहिणीसारख्याच चिकाटीच्या बाईंचा वाटा आहे. बेट्सी बँग या अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वैद्यकीय चित्रे काढत. पती श्वसनाच्या रोगांवर संशोधन करीत, आणि त्यांच्यासाठी पाखरांच्या नाकांची चिरफाड करून चित्रे काढता काढता बाईंच्या मनात आले: पाखरांना वास येत नाही असे पुस्तके सांगतात, मग काही पाखरांच्या नाकात या एवढ्या मोठ्या गुंडाळ्या कशाला? १९६० साली त्यांनी टर्की गिधाड, अल्बट्रॉस यांसारख्या पाखरांच्या नाकांचा पुरावा 'नेचर' या नियतकालिकात मांडला. पुढे १९६८ साली स्टॅनली कॉब यांच्यासह १०८ जातींच्या पाखरांच्या मेंदूतला वासाचा भाग मोजला. किवीचा फार मोठा निघाला. चिमणीच्या गणगोतांचा लहान. पुढे इटलीतल्या पिझा येथे फ्लोरियानो पापी यांनी १९७०च्या दशकात दाखवले की घराकडे परतणारे कबूतर वाटेचा अंदाज घेताना वाऱ्यावरच्या वासांचाही उपयोग करते.

मग आपली गिधाडे? इथे गोष्ट गंभीर होते. नाव एक असले तरी आपल्या देशातली गिधाडे अमेरिकेतल्या टर्की गिधाडाची सख्खी नातलग नव्हेत, आणि ती भक्ष्य शोधतात ती नाकाने नव्हे, डोळ्यांनी. उंच आकाशात दूरदूर पसरून ती जमीन न्याहाळतात आणि एकमेकांवरही नजर ठेवतात. एक उतरले की शेजारचे वळते, त्याला पाहून त्याच्या पलीकडचे. गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की तासाभरात आभाळ भरून येई, ते या नजरांच्या साखळीमुळे.

ती साखळी आपण तोडली. गुरांना दुखण्यावर देत असलेले डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या अंगात राही. ते मांस खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातली नव्व्याण्णवाहून अधिक नाहीशी झाली. कारण उमगले २००४ साली, आणि २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना अपाय न करणारे औषध गुरांसाठी मिळते. ज्यांच्या घरी, गावाकडे, अजून गाय-बैल आहेत त्यांनी पशुवैद्याला एवढे एक नाव आवर्जून विचारावे. गिधाडे थोडी उरली की आकाशात डोळेही थोडे उरतात, आणि मग उरलेल्यांनाही अन्न सापडणे अवघड होते.

शेवटी एक घरगुती प्रश्न, कारण या सगळ्या विवेचनाचा खरा उपयोग तिथेच आहे. घरट्यातून चिमणीचे पिल्लू खाली पडते. मूल धावत जाते, आणि आतून आवाज येतो, "शिवू नकोस! माणसाचा वास लागला की चिमण्या त्याला घेत नाहीत, टोचून मारतात!" मूल थबकते. पिल्लू तिथेच मुंग्यांच्या स्वाधीन होते. ही समजूत किती पिल्लांना भोवली असेल याची गणती नाही.

कोणी म्हणेल, पाखरांना वास येतो असे आताच तर सांगितलेत! हो, थोडाबहुत येतो. काही पाखरांची पिल्ले आपले घरटे वासाने ओळखतात असेही दिसून आले आहे. पण वास येणे वेगळे आणि वासासाठी पोटचे पोर टाकून देणे वेगळे. चिमणी आपले पिल्लू ओळखते ते मुख्यतः जागेवरून आणि त्याच्या चिवचिवाटावरून. घरट्यात वासलेली चोच दिसली की ती त्यात घास घालते. त्या पिल्लाला कुणाचा हात लागला होता याची चौकशी करीत नाही. शिवाशीव ही माणसांची रीत. पाखरांत ती नाही. क्वचित आई घरटे सोडते ते भीतीने, पुन्हा पुन्हा शिडी लावून डोकावणाऱ्या माणसांच्या भीतीने.

तेव्हा पिल्लू उघडे, बिनपिसांचे असेल तर स्वच्छ हाताने अलगद उचलावे, घरट्यात परत ठेवावे आणि लगेच लांब व्हावे. पिसे फुटलेले, टुणटुण उड्या मारणारे असेल, तर ते बहुधा उडायला शिकत असते. मांजरापासून दूर, जवळच्या फांदीवर किंवा कठड्यावर ठेवले की पुरे. दाणापाणी भरवण्याची घाई करू नये. चोचीत पाणी ओतले तर ते कुठे जाईल हे आता आपल्याला ठाऊकच आहे. मग खिडकीआड उभे राहून पाहावे. थोड्या वेळाने चोचीत किडा धरून कुणीतरी येईल, आधी इकडे तिकडे बघेल, आणि पिल्लू तोंड वासून मोठ्याने ओरडेल.